हॉकी लीगच्या संघासाठी मुख्य प्रशिक्षक निवडताना काय पाहावं: मोठं नाव की अनुभव?

नाव सगळ्यात शेवटी बघा. आधी वेळेचं गणित मांडा. २०२४-२५ची हॉकी इंडिया लीग जेमतेम पाच आठवड्यांत आटोपली. तेव्हा संघात २४ जण होते, त्यात आठ परदेशी आणि किमान चार भारतीय ज्युनिअर. एवढ्या दिवसांत नवी पद्धत रुजवत बसणारा प्रशिक्षक काय कामाचा? परदेशी असेल तर ज्युनिअर पोरांशी हिंदीत बोलणारा सहायक हवाच.

आमच्याकडे रत्नागिरीत कबड्डीच्या मंडळांत हा घोळ नेहमीचा. जुना नावाजलेला चढाईपटू दिसला की त्याच्या गळ्यात शिट्टी. तो पोरांना सांगतो, "अरे, असा पाय टाक." पण डावा कोपरा सारखा उघडा का पडतो, हे काही त्याला समजावता येत नाही.

हॉकी प्रशिक्षक क्रेग फुल्टन बघा. २०१६च्या ऑलिंपिकला आयर्लंडला नेलं, मग टोकियोत सुवर्ण जिंकणाऱ्या बेल्जियमचा सहायक. २०२३ मध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून भारताकडे आला आणि आधी बचाव घट्ट केला. त्याच वर्षी एशियाडचं सुवर्ण, २०२४ला पॅरिसमध्ये कांस्य. म्हणून सहायकांची यादी जरूर चाळा, तिथे स्वस्तात चांगली माणसं मिळतात (मालकांना पोस्टरवर चेहरा लागतो, ते वेगळं).

मुलाखतीत गप्पा नकोत. तुमच्याच हरलेल्या सामन्यातले पेनल्टी कॉर्नर दाखवा आणि काय बदलशील ते विचारा. आणि अंतिम अकरा कोण ठरवणार, हे करारात आधीच लिहून घ्या.