छत्तीस गुण आणि एक लांडगा

प्रश्न : मी खानापूरची, वय ४३. एका पतसंस्थेत कॅशियर आहे, रोज बसने बेळगावला जाऊन येते. बसमध्ये मोबाइलवर कादंबऱ्या वाचते, त्याही असल्या : नायक एरवी बडा उद्योगपती, पौर्णिमेला लांडगा. (आमच्याकडे पौर्णिमेला सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला गाड्या निघतात, या कादंबऱ्यांत माणसाचं जनावर होतं.) नायिका समोर आली की त्याला नुसत्या वासावरून कळतं, हीच आपली नेमलेली जोडीदार. मग जग उलटंपालटं झालं तरी तो तिला सोडत नाही. यंत्राने केलेला मराठी अनुवाद असला की विचारू नका. कळपाला, म्हणजे इंग्रजीतल्या 'पॅक'ला, चक्क 'पुडकं' म्हणतात : 'अल्फाने (म्हणजे कळपाच्या म्होरक्याने) आपल्या पुडक्याला साद घातली.' हसते आणि पुढे वाचते. ऐन रंगात आलं की पुढच्या प्रकरणाला कुलूप, नाणी विकत घ्या. गेल्या महिन्यात ३१० रुपये गेले. घरात बोलले नाही.

राग येतो तो याचा की त्या पोरीला कुणी विचारतच नाही. तो 'माझी' म्हणाला की झालं. माझ्या लेकीशी कुणी असं वागलं तर मी ऐकून घेईन का? पण तेच वाचताना मला बरं वाटतं, हे कसं?

माझं लग्न २९ गुणांवर जमलं. त्याआधी एक स्थळ मला मनापासून आवडलं होतं. एक नाडी निघाली, विषय तिथंच मिटला. नवरा चांगला आहे. भांडत नाही, फारसा बोलतही नाही. आता पुतणीच्या पत्रिका बघणं चाललंय आणि सगळे 'काकी, तुझं काय मत?' म्हणून मला विचारतात. परवा सासूबाई मोबाइलमध्ये डोकावून म्हणाल्या, 'काय वाचायलीस गे एवढं?' मी म्हटलं, 'ऑफिसचं.' माझं काही चुकतंय का?

— एक वाचक, खानापूर

उत्तर : ताई, चोरून वाचण्यात मी तुमची थोरली बहीण. माझं माहेर निपाणीचं. वडील तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहायचे. मी वखारीच्या माळ्यावर पोत्यांआड बसून भुताखेतांच्या गोष्टी वाचायची. तंबाखूच्या खकाण्याने शिंका येत आणि दर वेळी त्या शिंकांनीच मी पकडली जायची. तुमच्या मोबाइलला निदान शिंक तरी येत नाही.

पुतणीची पत्रिका घरात आहेच, तर एकदा नीट बघा. गणाला ६ गुण. गण तीन : देव, मनुष्य, राक्षस. म्हणजे आपल्या सोयरिकीत राक्षस पिढ्यान्‌पिढ्या बसलेला आहे, त्याला पंगतीत पाटसुद्धा आहे. योनीला ४ गुण आणि योन्या १४ : घोडा, हत्ती, वाघ, सिंह, कुत्रा, मांजर, उंदीर, मुंगूस, साप, माकड... बेंदराचा बाजारच. लांडगा तेवढा नाही. तेव्हा तुमच्या वाचनाला कुणी हसलं, तर हसणाऱ्याची योनी कोणती ते विचारा.

पण तुमची गोष्ट गणाशी नाही, नाडीशी अडली. नाडीला सगळ्यांत जास्त, ८ गुण. दोघांची नाडी एक निघाली की तिथे शून्य. बाकीचे २८ च्या २८ जमले तरी बघणारा पत्रिका मिटून ठेवतो, आणि एरवी १८ वर भागतं म्हणणारी माणसंही तेव्हा गप्प बसतात. तुम्ही त्या स्थळाबद्दल दीड ओळ लिहिलीत आणि लांडग्यावर दोन परिच्छेद. मला ती दीड ओळच मोठी वाटली.

कारण या कादंबऱ्यांतही नशीबच जोडी ठरवतं, फक्त तिथं ते पोरीच्या बाजूने उभं राहतं. वडीलधारे नको म्हणतात, कळप नको म्हणतो, दुसरीच कुणीतरी ठरवलेली असते. तरी नेमलेली ती नेमलेली. मध्ये कुणी पंचांग उघडून 'एक नाडी' म्हणू शकत नाही. ज्या नशिबाचं नाव सांगून तुमच्या हातून एक माणूस काढून घेतला, तेच नशीब तिथं परत आणून देतं. बरं वाटणारच. याला मी बिघाड म्हणणार नाही.

आणि तुमचा रागही तितकाच खरा. पत्रिकेत पोरीला विचारत नाहीत, लांडगाही विचारत नाही. दोन्हीकडे कुणीतरी येऊन तिला सांगतं, 'ठरलंय.'

विचारल्यावर पोरगी काय बोलू शकते, ते ऋग्वेदात आहे. दहाव्या मंडलातलं ९५ वं सूक्त, पुरूरवा आणि उर्वशीचं. तो माणूस, ती अप्सरा. म्हणजे तुमच्याच वाचनातली जोडी. ती सोडून निघाली आहे आणि तो विनवतो आहे, की मी मरून पडेन, मला लांडगे खातील. ती म्हणते, मरू नकोस, लांडगे तुला न खावोत. पण बायकांशी सख्य होत नसतं, त्यांची काळजं सालावृकांची. सालावृकाला कुणी तरस म्हणतात, कुणी लांडगा. मी लांडगाच धरते, मला तो सोयीचा आहे. त्या सूक्तात लांडग्याचं काळीज बाईचं आहे आणि जाणारीही तीच.

'अल्फा'बद्दलही थोडं. प्राण्यांचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी कोंडून ठेवलेले लांडगे पाहून १९४७ मध्ये लिहिलं, तिथून हा कळपातला दादा निघाला. लांडग्यांचेच अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९७० च्या पुस्तकात तो आणखी पसरवला. पुढे त्यांनीच रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिलं, की कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पोरं. आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले होते! म्हणजे ज्याला तुम्ही बसमध्ये भाळता, तो रानात चार पोरांचा बाप असतो. जोडीतलं एक गेलं की उरलेलं दुसरी जोडही शोधतं. आपल्याकडच्या लांडग्यासाठी कोप्पळ जिल्ह्यात बंकापूरला अभयारण्य आहे, कधी त्या बाजूला गेलात तर बघा.

३१० रुपयांचं म्हणाल, तर तुम्ही कॅशियर आहात, मी काय सांगू? कुलूप नेमकं कुठं बसवतात ते तुमच्या लक्षात आलंच आहे. महिन्याला १०० ठरवा, संपले की पुढच्या एक तारखेपर्यंत लांडगा उपाशी.

पुतणीबद्दल काकीचं मत विचारलं, की सगळ्यांसमोर तिलाच विचारा, 'तुला कसा वाटला?' गुण किती जमले ते कुणी बोलायच्या आधी विचारा. नंतर ती गप्प बसेल. तुमचं जुनं प्रकरण तिला सांगायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा.

राहिले न बोलणारे यजमान. त्यांच्याकडून लांडग्यासारखा वास घेण्याची अपेक्षा मी ठेवणार नाही. पण जेवणं झाल्यावर ते 'पुडक्या'चं वाक्य त्यांना मोठ्याने वाचून दाखवा, पुडकं शब्दावर थांबून. हसले तर मला पोस्टकार्ड टाका.