मोलची गणितं जमत नाहीत, म्हणून सायन्स सोडायचं?

अकरावीचं कॉलेज सुरू होऊन दोनेक महिने झाले की हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येणारे पालक वाढतात. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मार्क उत्तम, आणि केमिस्ट्रीच्या पहिल्याच धड्यात मोल, म्हणजे अणू-रेणू मोजायचं एकक, आडवा येतो. अशाच एका मुलीच्या आईने बसता बसताच विचारलं, "मॅडम, हिचं गणितच कच्चं आहे. आर्ट्‌सला टाकू का?" मुलगी मान खाली घालून बसलेली.

अशा वेळी मी कल चाचणीच्या आधी रफ वही मागते. मुलांची खरी अडचण तिथेच दिसते.

वहीत एक उदाहरण होतं: 4 ग्रॅम हायड्रोजन पूर्ण जळाला तर पाणी किती ग्रॅम? समीकरण तिने बिनचूक संतुलित केलं होतं. हायड्रोजन 2, ऑक्सिजन 1, पाणी 2. आणि उत्तर? 4 ग्रॅम. "दोनास दोन आहे ना, म्हणून."

"मग ऑक्सिजनचं वजन कुठे गेलं?"

ती थबकली. "अरे हो, तेही पाण्यातच यायला हवं."

म्हणजे गुणाकार-भागाकार पक्का होता. घोळ एवढाच, की समीकरणातले आकडे मोलचे असतात आणि ती ते ग्रॅमना लावत होती. डझनभर लिंबं आणि डझनभर कलिंगडं, नग तेवढेच पण वजन वेगळं. मोलमध्ये हे नग 6.022 × 10²³ असतात, इतकंच.

मग ग्रॅमचे मोल केले, समीकरणातलं प्रमाण मोलना लावलं आणि शेवटी पुन्हा ग्रॅम केले. हायड्रोजनचं रेणुवस्तुमान, म्हणजे एका मोलचं ग्रॅममधलं वजन, 2, म्हणून 4 ग्रॅम म्हणजे 2 मोल. पाणीही 2 मोल. पाण्याचं रेणुवस्तुमान 18, म्हणून 36 ग्रॅम. ऑक्सिजन 1 मोल, म्हणजे 32 ग्रॅम. 4 आणि 32 मिळून 36. ताळा जुळला.

पुढचं तिने एकटीने सोडवलं. 250 ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट (एका मोलचे 100 ग्रॅम) पूर्ण भाजलं तर कळीचा चुना (एका मोलचे 56 ग्रॅम) किती? 250 भागिले 100, 2.5 मोल, गुणिले 56, 140 ग्रॅम. मी न सांगता तिने खाली कार्बन डायऑक्साइडचे 110 ग्रॅम मांडले आणि बेरीज 250 करून दाखवली.

आईला म्हटलं, "ताई, शाखेचा विषय सहामाहीपर्यंत काढूच नका. रोज दोनच उदाहरणं, पण प्रत्येक ओळीत ग्रॅम की मोल ते लिहून." तोवर मुलीचा पुढचा प्रश्न तयार होता: हायड्रोजन आणि ऑक्सिजन, दोन्ही ठरावीकच दिले असतील तर? जो आधी संपेल त्यावरून पाणी ठरेल, इतकं सांगून बाकीचं तिच्या सरांना विचारायला सांगितलं.