नागपुरात पीआरचं काम करताना पत्रकारांशी चांगले संबंध कसे जोडायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून येऊन 3 महिने झाले, धंतोलीतल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये जनसंपर्क अधिकारी म्हणून लागलात, आठवड्याला 4-5 प्रेस नोट पाठवता, त्यातली एखादीच लागते, रिपोर्टर फोन उचलत नाहीत, आणि ऑफिसातले जुने लोक सांगतात की दिवाळीला चांगली गिफ्ट पोचवली की सगळं जमून येतं. हे खरं आहे का, आणि नसेल तर करायचं काय?

मी 11 वर्षं नागपुरातल्या एका मराठी दैनिकात रिपोर्टर होतो. त्यातली बरीचशी वर्षं आरोग्य आणि महापालिका या बीटवर (म्हणजे नेमून दिलेल्या विषयांवर) गेली. गेली 9 वर्षं तुम्ही करता तेच काम करतोय. दोन्हीकडचं पाहिलेलं सांगतो.

गिफ्टचं आधी निकालात काढू. दिवाळीला मिठाईचा डबा सगळेच पाठवतात आणि तो कोणी पाठवला हे आठवड्यात कोणाच्या लक्षात राहत नाही. त्यापुढच्या वस्तू आणि पाकिटं मात्र नुकसान करतात. आर्थिक बातम्या देणाऱ्या पत्रकारांनी भेटवस्तू, कर्ज, सहली, सवलती घेऊ नयेत, असं प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि चांगला रिपोर्टर कोणत्याही बीटवर असो, ते पाळतो. पाकीट घेणारा तुमचं काम करेलही, पण त्याच्या शब्दाला त्याच्याच डेस्कवर, म्हणजे पान लावणाऱ्या उपसंपादकांकडे, किंमत नसते. आणि ज्याच्या शब्दाला किंमत असते, तो तुमच्या पाकिटाने कायमचा दुरावतो. मी असे दोघे-तिघे जवळून पाहिलेत.

आता खरी गोष्ट. रिपोर्टरला तुमची मैत्री नको असते. अडचणीच्या रात्री खरी माहिती देणारा एक नंबर हवा असतो.

एक रात्र मला अजून जशीच्या तशी आठवते. मे महिना, रात्रीचे सव्वानऊ. हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आग लागल्याचा फोन आला. बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती निघून गेलेली, शहराच्या पानावर 3 कॉलमची जागा अडवून उपसंपादक माझ्या डोक्याशी उभा. कोणी म्हणे 5 दगावले, कोणी म्हणे कोणालाच काही झालं नाही. कंपनीच्या जनसंपर्क माणसाला फोन लावला. मागे सायरन वाजत होता. तो म्हणाला, ‘‘भाऊ, मी गेटवरच उभा हाओ. आत किती जण होते ते मलेच अजून पक्कं माहीत नाही. दहाला दहा कमी असताना फोन करतो, समजलं तरी आन् नाही समजलं तरी.’’ मी घड्याळाकडे बघत बसलो. 9 वाजून 50 मिनिटांनी फोन वाजला. ‘‘दोघं भाजले, मेडिकल कॉलेजला नेले. बाकी हजेरी मोजून झाली, सगळे बाहेर हायेत. कारण माहीत नाही, मी अंदाज सांगणार नाही. फायर ऑफिसर इथंच उभे हायेत, त्यांना देऊ का फोन?’’

बातमी त्याच्या कंपनीच्या सोयीची नव्हती. आग मथळ्यात होती, सुरक्षेच्या साधनांबद्दल कामगारांची तक्रारही आत होती. दुसऱ्या दिवशी त्याने मथळ्यावरून एक शब्द काढला नाही. जखमींपैकी एकाचं वय चुकलं होतं तेवढं सांगितलं, आम्ही दुरुस्त केलं. त्यानंतर मी पेपरात होतो तोवर त्या माणसाचा फोन कधी कापला नाही. हायकोर्टाच्या व्हरांड्यात असलो तरी बाजूला होऊन घेतला. चार महिन्यांनी त्याने कामगारांच्या मुलांसाठीच्या एका उपक्रमाची माहिती दिली, तर मी स्वतः जाऊन पाहून आलो आणि बातमी केली. ती बातमी त्याने त्या मे महिन्यातल्या रात्रीच कमावली होती.

उलटा अनुभवही सांगतो. एका हॉस्पिटलमध्ये रुग्ण दगावला, नातेवाइकांनी गोंधळ घातला, पोलीस आले. आम्ही रात्री 11 पर्यंत फोन करत राहिलो, जनसंपर्क अधिकाऱ्याचा मोबाइल बंद. शेवटी ‘प्रशासनाशी संपर्क होऊ शकला नाही’ या ओळीसह बातमी गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं जण ऑफिसात आले, सोबत आमच्याच जाहिरात विभागातला माणूस. जाहिरातीचा विषय निघाला. माझ्यासाठी ते फार अपमानाचं होतं. पुढे वर्षभर त्या हॉस्पिटलच्या शिबिरांच्या नोट आमच्या मेलमध्ये न उघडता पडून राहिल्या. शिबिराला येणाऱ्या गरीब माणसाचं त्यात नुकसान झालं, हे मला आज कळतं आणि खटकतं. पण जाहिरात विभागाच्या दारातून रिपोर्टरपर्यंत गेलात की हेच होतं. कधीही जाऊ नका.

हे काही आजचं शहाणपण नाही. अमेरिकेत आयव्ही ली नावाच्या, आपलंच जनसंपर्काचं काम करणाऱ्या माणसाने 1906 मध्ये वृत्तपत्रांना एक जाहीरनामाच पाठवला होता. आमचं काम उघड चालतं, माहिती अचूक देऊ, आणि आमचा मजकूर जाहिरात विभागाकडे जायच्या लायकीचा वाटला तर छापू नका, असा त्याचा आशय. त्याच वर्षी ऑक्टोबरात अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा अपघात झाला, तेव्हा लपवाछपवीची जुनी रीत मोडून त्याने बातमीदारांना थेट घटनास्थळी नेण्याची व्यवस्था केली. पुढे याच लीने 1914 मध्ये तिथल्याच लडलो या ठिकाणी खाण कामगारांवर झालेल्या गोळीबारानंतर खाणमालकांच्या बाजूने चुकीची माहिती असलेली पत्रकं काढली आणि ती बदनामी त्याला आयुष्यभर चिकटली. एकाच माणसाच्या कामात दोन्ही धडे आहेत, म्हणून नव्या मुलांना मी हे आवर्जून सांगतो.

आता फोन का उचलत नाहीत ते. तुम्ही कधी फोन करता ते तपासा. सकाळी 11 ते 12 च्या सुमारास मीटिंग असते, तिथं रिपोर्टरला आज काय देणार ते सांगावं लागतं. संध्याकाळी 6 नंतर तो लिहीत असतो. त्या वेळी ‘सर, नोट मिळाली का?’ हा फोन आला की जीव नकोसा होतो. दुपारी 1 ते 4 मध्ये बोला, 2 मिनिटांत बोला. आणि ‘मिळाली का’ असं विचारूच नका. त्यात नवीन काय आहे ते एका वाक्यात सांगता येत असेल तरच फोन करा. एखाद्याने ‘नाही जमणार’ म्हटलं तर ‘बरं’ म्हणा आणि थांबा. लगेच त्याच्या चीफ रिपोर्टरला फोन लावलात तर तो रिपोर्टर गेला म्हणून समजा.

नोटच्या बाबतीत नागपूरची एक वेगळी गोष्ट आहे. हे शहर 1956 पर्यंत जुन्या मध्य प्रदेशची राजधानी होतं, त्यामुळे इथं मराठीच्या बरोबरीने हिंदी आणि इंग्रजी पेपरही मुळं धरून आहेत. इंग्रजी हितवाद 1911 पासूनचा, हिंदी नवभारत 1934 पासूनचा, लोकमतची नागपूर आवृत्ती 1971 पासूनची. पुण्यात तुमचं मराठी-इंग्रजीवर भागत असेल, इथं तिन्ही भाषांत नोट लागते, आणि तिन्ही वेगवेगळ्या लिहिलेल्या लागतात. इंग्रजी नोट मोबाइलवर फिरवून केलेलं मराठी पहिल्या ओळीतच ओळखू येतं. ‘यशस्वीरीत्या पार पाडण्यात आली’ छापाची 8 वाक्यं कापत बसायला उपसंपादकाकडे वेळ नसतो. हिंदीसाठी इथलाच, हिंदीत लिहिणारा एखादा मुलगा किंवा मुलगी धरा, महिन्याला थोडे पैसे द्या.

मजकूर युनिकोडमध्ये, मेलच्या अंगातच चिकटवा. पीडीएफ नको, मजकुराचा फोटो तर नकोच. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली नोट उघडली की नुसती चिन्हं दिसतात आणि कोणी पुन्हा टाइप करत बसत नाही. फोटो वेगळा जोडा, आणि 14 लोक रांगेत उभे असलेला, बॅनर धरलेला नको. फोटोत डावीकडून कोण कोण आहे ते लिहा. नावांची स्पेलिंगं तिन्ही भाषांत स्वतः तपासा. डॉक्टरचं आडनाव चुकीचं छापून आलं की हॉस्पिटल रिपोर्टरला दोष देतं, आणि बरेचदा चूक नोटमध्येच असते.

आठवड्याला 4-5 नोट हे फार झालं. त्यातल्या 3 डॉक्टरांच्या कौतुकाच्या असणार, व्यवस्थापनाचा आग्रह असणार, मला माहीत आहे. त्यांना 2002 चे मेडिकल कौन्सिलचे आचारनियम दाखवा. डॉक्टरने जाहिरातबाजी करून रुग्ण ओढू नयेत, असं त्यात आहे. आरोग्य बीटवरचे रिपोर्टर ते नियम ओळखून असतात, म्हणूनही अशा नोट बाजूला पडतात. त्याऐवजी महिन्यातून एकदा खरं काही द्या. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की तुमच्या आपत्कालीन विभागात काय दिसतं, उष्माघाताचे रुग्ण कोणत्या कामावरून येतात, पहिल्या अर्ध्या तासात घरच्यांनी काय करायला हवं होतं. हे सांगणारा एखादा तरुण डॉक्टर रिपोर्टरसमोर बसवा, तुम्ही मध्ये बसू नका. रुग्णाचं नाव आणि फोटो त्याच्या लेखी संमतीशिवाय कधीच बाहेर जाऊ देऊ नका, रिपोर्टरने कितीही आग्रह केला तरी. चांगला रिपोर्टर या नकाराने दुरावत नाही.

पत्रपरिषद शक्यतो घेऊ नका. (इथं पत्रकार परिषदेला सर्रास पत्रपरिषद म्हणतात, तुम्हीही म्हणा.) प्रश्न विचारण्यासारखं काही असेल तरच बोलवा. तारीख ठरवण्याआधी नागपूरचं कॅलेंडर बघा. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन आलं की शहरातला प्रत्येक रिपोर्टर विधानभवन, यशवंत स्टेडियम आणि मॉरिस कॉलेज टी-पॉइंटच्या मोर्चांमध्ये अडकलेला असतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला सगळे दीक्षाभूमीवर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची (वाईट गोष्टींचं प्रतीक असलेल्या पुतळ्यांची) मिरवणूक, त्या सकाळी फोटोग्राफर महाल-इतवारीशिवाय कुठे सापडायचा नाही. या दिवसांत तुमची बातमी मेली म्हणून रागावण्यात अर्थ नाही.

माझी एक चूक सांगतो, कारण ती तुमच्या हातून होण्यासारखी आहे. या कामात आल्यावर दुसऱ्याच वर्षी मी एका रिपोर्टरला एक बातमी ‘फक्त तुलाच’ म्हणून दिली. रविवारी छापायचं ठरलं. शुक्रवारी माझ्या मालकांनी एका समारंभात तीच गोष्ट दुसऱ्या पेपरच्या माणसाला सांगितली आणि शनिवारी ती तिकडे लागली. माझ्याच कानावर शुक्रवारी रात्री आलं होतं. मी तेव्हाच त्या मुलीला फोन करायला हवा होता, तिचं पान अजून बदलता आलं असतं. मी घाबरलो आणि सकाळची वाट पाहिली. तिला मीटिंगमध्ये बोलणी बसली. मी जाऊन माफी मागितली, तिने ऐकून घेतली आणि म्हणाली, ‘‘दादा, बातमी फुटते, ते मला समजतं. तुम्हाला रात्रीच माहीत होतं, ते नाही समजत.’’ तिचा विश्वास परत मिळायला दोन वर्षं लागली. तेव्हापासून ‘फक्त तुलाच’ म्हणण्याआधी मी मालकांकडून कबूल करून घेतो, आणि कुठे काही फुटलं तर पहिला फोन त्या रिपोर्टरलाच जातो, रात्रीचे 12 वाजले असले तरी.

आता तुमचं. पुढचे 15 दिवस एकही नोट पाठवू नका. आरोग्याच्या बीटवरचे तिन्ही भाषांतले रिपोर्टर कोण आहेत ते पेपर वाचून शोधा, प्रत्येकाच्या मागच्या महिन्याच्या बातम्या वाचा. मग एकेकाला भेटा, दुपारी, त्याच्या ऑफिसाजवळच्या चहाच्या टपरीवर. काही मागू नका. फक्त विचारा की आमच्या हॉस्पिटलकडून माहिती मिळवताना आजवर तुम्हाला कुठे अडलं. बरंच ऐकावं लागेल, तुम्ही यायच्या आधीचंही. ते लिहून घ्या. आणि व्यवस्थापनाशी एकदा स्पष्ट बोलून घ्या की वाईट बातमीच्या रात्री तुम्हाला वैद्यकीय संचालकांचा फोन 10 मिनिटांत लागला पाहिजे. एवढं त्यांनी कबूल केलं, तर तुमचा स्वतःचा नंबर त्या रिपोर्टरना द्या आणि सांगा की हा रात्रीही चालू असतो. कबूल नाही केलं, तर नंबर द्यायची घाई करू नका, आधी तेवढं मिळवा.