‘मिस्टर डोनट’ ही साखळी मुळात जपानी आहे का?

नाही, ‘मिस्टर डोनट’ ही डोनटच्या दुकानांची मूळची अमेरिकन साखळी आहे. मात्र आज ती मुख्यतः जपानची म्हणूनच ओळखली जाते. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांच्या कानावर ‘मिसुदो’ हे तिचे लाडके नाव पडते आणि तिथूनच बहुधा हा समज होतो. ‘डंकिन डोनट्स’चे संस्थापक विल्यम रोझेनबर्ग यांचे मेव्हणे व एकेकाळचे भागीदार हॅरी विनोकर यांनी वेगळे होऊन 1956च्या सुमारास ती सुरू केली, म्हणजे भावकीतलीच स्पर्धा म्हणायची. जपानमधले पहिले दुकान 1971 मध्ये ओसाकाजवळच्या मिनो येथे ‘डस्किन’ने उघडले आणि या कंपनीचा मूळ धंदा, गंमत म्हणजे, सफाईची फडकी व मॉप भाड्याने देण्याचा होता. पुढे 1990 मध्ये ‘डंकिन’च्याच मालक कंपनीने अमेरिकेतला व्यवसाय विकत घेतल्यावर तिथल्या बहुतेक दुकानांवर ‘डंकिन’ची पाटी लागली. जपानमध्ये मात्र साखळीने स्वतःची चव घडवली. आठ छोटे गोळे कड्यासारखे जोडलेला, मऊ पण किंचित चिवट ‘पोन दे रिंग’ हा 2003 पासूनचा प्रकार अमेरिकन मुळाशी नाते सांगत नाही. एवढे लक्षात घ्यावे की अमेरिकेतली काही मोजकी दुकाने 1990 च्या त्या विक्रीनंतरही जुन्याच नावाने चालू राहिली.