टेक्सासमध्ये घेतलेली जमीन रानडुकरांनी उकरून टाकली. बंदूक घ्यावी, कुंपण घालावं की आणखी काही?

तुम्ही लिहिलंय की मध्य टेक्सासमध्ये ४० एकर घेतली, घराचा पायाही अजून भरला नाही, आणि एका रात्रीत कुरणाचा एकरभर तुकडा नांगर फिरवल्यासारखा झाला. शेजारी म्हणतात रायफल घे, कुणी म्हणतं कुंपण घाल, कुणी विषाचं सुचवतंय. शिवाय मुलं लहान आहेत. आम्ही नऊ वर्षांपूर्वी याच राज्यात ६० एकर घेतली तेव्हा अगदी याच जागी उभे होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी थेट उत्तर: रायफल आत्ता नको. आधी कळप मोजा. मग अख्खा कळप एकाच वेळी कोंडा. बाकीचं सगळं त्यानंतर.

हे एवढं ठासून का सांगतोय, ते कळायला हा प्राणी काय आहे हे आधी समजून घ्या. आपल्याकडचं रानडुक्कर हा मूळचा रानातला जीव. इथली ही डुकरं तशी नाहीत. अमेरिका खंडात डुक्कर मुळात नव्हतंच. स्पॅनिश लोकांनी ती जहाजातून आणली. त्यांच्यातला मोहिमेचा म्होरक्या हर्नांडो दे सोतो १५३९ साली फ्लोरिडात उतरला तेव्हा त्याच्याबरोबर डुकरं होती. पुढे वस्तीवाल्यांनी पाळीव डुकरं मोकाट चरायला सोडली, ती रानात गेली, आणि विसाव्या शतकात शिकारीच्या हौसेसाठी आणलेली युरोपी रानडुकरं त्यांच्यात मिसळली. म्हणजे हे माणसाने करून ठेवलेलं आहे. मी हे मुद्दाम सांगतो, कारण मलाही पहिल्या वर्षी जीव घ्यायचं मनाला येत नव्हतं. 'त्यांचंच रान, आपण उपरे' असं वाटायचं. पण जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी, हरणांच्या वाट्याची ओकची फळं, ओढ्याचा काठ, सगळं ती फस्त करतात. तेव्हा खऱ्या रानाच्या बाजूने उभं राहायचं तर डुकरं कमी करावीच लागतात, हे मला हळूहळू पटलं.

आता त्यांचा हिशेब बघा. मादी सहा-आठ महिन्यांची झाली की विण्याजोगी होते. गाभण काळ साधारण ११५ दिवसांचा. एका वेताला चार ते सहा पिलं, आणि खायला भरपूर असेल तर वर्षात दुसरं वेतही होतं. एकट्या टेक्सासमध्ये २५ लाखांच्या वर डुकरं असल्याचा अंदाज आहे. या विषयातले लोक सांगतात की एखाद्या भागातली दोन-तृतीयांश डुकरं दर वर्षी काढली तरच संख्या जेमतेम आहे तिथे राहते. तुमच्याकडे येणारा कळप वीस जणांचा असला आणि तुम्ही पिकअपमधून दोन टिपली, तर तुम्ही काहीच कमी केलेलं नाही. उलट अठरा जणांना शिकवून ठेवलंत.

आम्ही नेमकं तेच केलं होतं. पहिल्या हिवाळ्यात तीन डुकरं मारली आणि मला वाटलं, आता येणार नाहीत. तीन आठवडे खरंच शांतता होती. मग ती परत आली, पण वेळ बदलून: आधी संध्याकाळी दिसायची, आता पहाटे तीनला. आणि एकाच्या जागी दोन टोळ्या झाल्या होत्या, एक ओढ्याकडून यायची, एक शेजाऱ्याच्या कुंपणाखालून. डुकराची नजर बेताची असते, पण नाक विलक्षण तीक्ष्ण, आणि जे एकदा अंगावर बेतलं ते कळपातल्या म्हाताऱ्या माद्या विसरत नाहीत. मिझुरी राज्याच्या संवर्धन खात्याने २०१६ साली आपल्या जमिनींवर रानडुकरांची शिकारच बंद केली, ती याच कारणाने: शिकाऱ्यांमुळे कळप फुटतो, पांगतो, आणि सापळे लावणाऱ्यांची आठवड्यांची मेहनत वाया जाते. कुत्री घालून शिकार करणाऱ्यांचंही तेच. एखाददुसरं हुशार डुक्कर एकटं उरलं असेल तर शेवटी कुत्री कामाला येतात, सुरुवातीला नाही.

तर मोजणी. एक ट्रेल कॅमेरा, म्हणजे समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, घ्या आणि डुकरांची वाट शोधा. कुंपणाच्या सगळ्यात खालच्या तारेला अडकलेले राठ केस, खांबांवर गुडघ्याएवढ्या उंचीला फासलेला वाळका चिखल, तळ्याच्या कडेला लोळून केलेले खड्डे, हरणापेक्षा गोल, बोथट टोकाचे खूर. डुकराला घाम सुटत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात त्याला चिखल लागतोच. पाणी सापडलं की डुकरं सापडली. जुने डांबर प्यालेले लाकडी खांब असतील तर तेही बघा. अंग घासायला ते त्यांना फार आवडतात, आमच्या एका खांबाला तर कमरेएवढी चकाकी आली होती.

कॅमेऱ्यासमोर मका टाका. कोरडा टाकलात तर हरणं आणि रकून (इथला एक छोटा निशाचर प्राणी) आधी संपवतील. बादलीत मका भिजवून झाकण लावून चार-पाच दिवस ठेवा, आंबला की वास असा सुटतो की तुम्हीच तोंड फिरवाल. हरणं त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत, डुकरं मात्र हमखास येतात. जमिनीत हातभर खोल अरुंद खड्डा करून त्यात थोडा घातला तर ती तिथेच तासन्‌तास उकरत राहतात. आठवडाभर रोज फोटो बघा आणि कागदावर लिहा: मोठ्या माद्या किती, मध्यम किती, पिलं किती. खुणा लिहा: एक ठिपक्यांची, एक लंगडी. हा कागदच तुमचं खरं हत्यार आहे, कारण सापळ्याचं दार कधी पाडायचं ते तोच सांगतो.

कळपाला पुरेल असा सापळा म्हणजे इथे ज्याला कॉरल ट्रॅप म्हणतात तो. आपला शब्द चपखल आहे: कोंडवाडा. पाच फूट उंचीचे जाड जाळीचे पॅनल, टी-पोस्टना, म्हणजे जमिनीत ठोकलेल्या लोखंडी खांबांना, घट्ट बांधलेले, आकार गोल किंवा लंबगोल. कोपरा अजिबात नको. घाबरलेली डुकरं कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढतात आणि वरची बाहेर पडतात. पेटीसारखे छोटे पिंजरे स्वस्त असतात, पण त्यात चार-पाच सापडतात आणि बाहेरच्या पंधरा जणी उभ्या राहून सगळं बघतात. दाराबाबत पैसे वाचवू नका. मोबाइलवर चित्र दाखवणारं आणि बटण दाबल्यावर पडणारं दार काही हजार डॉलरला जातं. आम्ही तीन शेजाऱ्यांनी मिळून घेतलं, आणि तो आमचा सगळ्यात शहाणा खर्च ठरला.

मका आधी पॅनलशिवाय. मग दोन-तीन पॅनल उभे करायचे, दोन दिवस थांबायचं. मग आणखी दोन. मग पूर्ण गोल, पण दार उघडं बांधून ठेवलेलं. मका रोज थोडा थोडा आत सरकवत न्यायचा. या काळात त्या भागात एकही गोळी नाही, मुलांचं भटकणं नाही, कुत्रं नाही.

आमच्या पहिल्या कळपाच्या वेळचं सांगतो. कागदावर एकोणीस होती. पाचव्या रात्री अठरा आत आली आणि एक बाहेर: डावा कान फाटलेली मोठी मादी. ती दारात येऊन उभी राहायची, उंबऱ्यापाशी नाक जमिनीला टेकवायची, एक पाऊल आत टाकायची आणि मागे घ्यायची. आतून पिलांचा मका चघळण्याचा आवाज येत असणार, तरी ही बाहेरच. रात्रीचे दोन वाजलेले, मी अंथरुणात फोन हातात धरून, अंगठा बटणावर. बायको म्हणाली, अठरा आहेत, पाड ना. मी पाडलं नाही. सहाव्या रात्री तेच. सातव्या रात्री पाऊस झाला, कोणीच आलं नाही आणि मला वाटलं, चूक केली. आठव्या रात्री तिने दार ओलांडलं. पण ती उंबऱ्यापाशीच खात होती, म्हणून आणखी दहा मिनिटं थांबलो. ती मागच्या बाजूच्या मक्यापर्यंत गेली तेव्हा एकोणीस मोजली आणि बटण दाबलं. तिला बाहेर ठेवून दार पाडलं असतं, तर ती पुन्हा कधीच कोणत्या सापळ्यात शिरली नसती आणि तिची पुढची पिलंही नाही.

पुढचा भाग अप्रिय आहे, पण तो टाळून उत्तर पुरं होत नाही. कोंडलेली डुकरं उजाडताच, शक्य तितक्या लवकर, नेमकी गोळी घालून मारायची असतात. तासन्‌तास कोंडून ठेवणं म्हणजे त्यांचे हाल. तुम्हाला सराव नसेल तर करणारा माणूस आधीच ठरवून ठेवा आणि त्याला फोन करूनच दार पाडा. ती जिवंत उचलून दुसरीकडे नेऊन सोडणं टेक्सासमध्ये बेकायदा आहे. जिवंत डुकरांच्या वाहतुकीवर राज्याच्या पशुआरोग्य आयोगाचे नियम आहेत आणि ती फक्त मान्यताप्राप्त ठिकाणीच नेता येतात. मारायला मात्र, खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी असेल तर, सप्टेंबर २०१९ पासून शिकारीचा परवाना लागत नाही.

हातमोज्यांशिवाय मेलेल्या डुकराला हात लावू नका. ब्रुसेलोसिस आणि लेप्टोस्पायरोसिस हे दोन्ही जिवाणूंचे आजार त्यांच्यापासून माणसाला होतात, हाताला बारीकशी चीर असली तरी पुरते. मांस खाणार असाल तर आतपर्यंत ७१ अंश सेल्सियसला शिजलं पाहिजे. घरात कुत्रा असेल तर त्याला रक्त-मांसाजवळ येऊ देऊ नका. स्यूडोरेबीज हा डुकरांचा विषाणूजन्य आजार माणसाला सहसा होत नाही, पण कुत्र्याला तो मारतो.

कुंपणाबद्दल थोडक्यात: ४० एकरांना नको, परवडणार नाही आणि ती खालून उकरून शिरतील. घर, भाजीचा वाफा, मुलांच्या खेळण्याची जागा एवढ्यापुरतं मजबूत जाळीचं घाला. विजेचं घालायचं तर खालची तार डुकराच्या नाकाच्या उंचीला हवी आणि गवत सतत कापलेलं, नाहीतर गवत तारेला टेकून झटकाच मरतो. हरणांसाठी दाण्याचं यंत्र लावलं असेल तर त्याभोवती २८ इंच उंचीची जाळी करा: हरणं उडी मारून जातात, डुकरं बाहेर राहतात. अन्यथा तुम्हीच त्यांना पोसताय.

विष स्वतःच्या मनाने अजिबात टाकू नका. रकून, गिधाडं, शेजाऱ्याचा कुत्रा, कोण खाईल सांगता येत नाही. २०१७ साली इथे वॉरफरिन या रक्त गोठू न देणाऱ्या विषाच्या आमिषाला राज्य सरकारने हिरवा कंदील दाखवला तेव्हा शिकारी आणि मांसव्यवसायातले लोकच सगळ्यात जास्त चिडले होते. पैसे भरून येणाऱ्या शिकाऱ्यांनाही हेलिकॉप्टरमधून मारण्याला २०११ च्या कायद्यापासून परवानगी आहे, पण ते हजारो एकरांच्या मोकळ्या रानांसाठी, तुमच्या-माझ्यासाठी नाही.

मुलांचं विचारलंत. डुकरं माणसाचा वास आला की बहुतेक वेळा पळतात. तरी पिलांबरोबरची मादी आणि जखमी नर यांचा भरवसा नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये ह्यूस्टनच्या पूर्वेला एका बाईंचा डुकरांच्या हल्ल्यात मृत्यू झाला, पहाटेच्या अंधारात, घराच्या अंगणात. असं फार क्वचित घडतं, पण अंधारात आवारात मोकळं फिरायचं नाही हा नियम आमच्याकडे तेव्हापासून आहे, मोठ्यांनाही.

आणि शेजारी. हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. कळपाला तुमच्या ४० एकरांची हद्द ठाऊक नसते. तुम्ही मका आंबवत बसाल आणि पलीकडचा रविवारी मित्रांना घेऊन गोळ्या झाडेल, तर सगळं फुकट. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळच्या सांताक्रूझ बेटावर पाच हजारांहून जास्त डुकरं होती. २००५ ते २००७ च्या दरम्यान ती सगळी काढली, ती बेटाचे कुंपणांनी पाच भाग पाडून, एक भाग पूर्ण रिकामा करत करत. आपल्याला कुंपणं घालून असे भाग पाडता येत नाहीत, पण चार शेजाऱ्यांचं एकमत म्हणजे जवळपास तेच. तुमच्या काउंटीतल्या (म्हणजे जिल्ह्यातल्या) अ‍ॅग्रीलाइफ एक्स्टेन्शन या विद्यापीठाच्या शेती-सल्ला सेवेच्या माणसाला फोन करा, वाइल्डलाइफ सर्व्हिसेस या वन्यप्राण्यांचा उपद्रव हाताळणाऱ्या सरकारी खात्याकडेही चौकशी करा. सल्ला देणारी, प्रसंगी प्रत्यक्ष येणारी माणसं तिथे असतात.

एकोणीस जणांचा कळप गेल्यावर आमच्याकडे साडेचार महिने एकही खूर दिसला नाही. उकरलेल्या जागी गवत पेरलं, ते आलंही. मग एके सकाळी ओढ्याच्या ओल्या मातीत एकट्या नराचे ठसे दिसले. पॅनल आम्ही काढले नव्हतेच. दार वर बांधलं आणि मका भिजत घातला.