बोअरच्या पाण्यातलं क्लोरीन

प्रश्न : सर, मी अंबाजोगाईला बीएस्सीला आहे. प्रॅक्टिकलला बायनरी मिक्श्चरची (दोन पदार्थ मिसळलेली, ते वेगळे करून ओळखायचे) पांढरी पावडर आली, डांबरगोळीसारखा वास. सोडियम बायकार्बोनेटमधे हलवली तर बुडबुडे आले, मग गाळली. कागदावर राहिलेलं नॅप्थलीन निघालं, 80 ला वितळलं, ते बरोबर आलं. खालच्या पाण्यात एचसीएल (हायड्रोक्लोरिक ॲसिड) टाकल्यावर पांढरा साका पडला. त्याची लॅसेन टेस्ट केली (सोडियमबरोबर तापवून पाण्यात टाकायचं आन् क्लोरीनसारखी मूलद्रव्यं शोधायची), सिल्व्हर नायट्रेटनं पांढरं आलं आन् ते अमोनियात विरघळलं पण, म्हणजे क्लोरीन, म्हणून मी क्लोरोबेंझोइक ॲसिड लिहिलं. मेल्टिंग पॉइंट मात्र 119 आला. मार्क गेले, चुकलं कुठं तेच कळंना.

उत्तर : पोरी, सेपरेशन तुझं झकास झालंय. आणि टेस्टमधे दिसलं ते क्लोराइडच होतं, फक्त ते आलं कुठून हे बघायचं राहिलं. बायकार्बोनेटमधे एचसीएल ओतलं की मीठ तयार होतं, साधं खायचं मीठ, आणि साका दोन-तीनदा गार डिस्टिल्ड वॉटरनं धुतला नाही तर ते त्याला चिकटून बसतं. दुसरं म्हणजे लॅसेनची लालभडक फ्यूजन ट्यूब (सोडियम तापवायची काचेची छोटी नळी) तू कशात बुडवलीस? आपल्याकडं उन्हाळ्यात डिस्टिल्डचा कॅन रिकामा असला की पोरं गुपचूप नळाचं पाणी घेतात आणि नळाला येतंय बोअरचं, ज्या पाण्यानं बादलीला पांढरा थर चढतो तेच. त्यात क्लोराइड असतंयच. म्हणून आधी नुसतं तेच पाणी टेस्ट ट्यूबमधे घे, विरळ नायट्रिक ॲसिडचे थेंब टाक (नाहीतर कार्बोनेटमुळंही पांढरं दिसतं) आणि मग सिल्व्हर नायट्रेट. पांढुरकं झालं की समज, क्लोराइड पाण्यातच होतं. ही ब्लँक टेस्ट दोन मिनिटाची आहे पण जर्नलमधे कुणी लिहीत नाही म्हणून कुणी करतही नाही, मला तर याचाच राग येतो.

खरं तर मेल्टिंग पॉइंटनंच तुला सांगितलं होतं. क्लोरोबेंझोइकचे तीन प्रकार, ऑर्थो-क्लोरोबेंझोइक 142 च्या आसपास वितळतं, मेटा 158 ला, पॅरा तर 240 च्या पुढं, 119 ला यातलं कुणीच बसत नाही. साधं बेंझोइक ॲसिड, ज्यात क्लोरीन नसतंच, ते 122 ला, तुझं तेच होतं. तीन डिग्री कमी आले ते ओलसरपणामुळं, किंवा थोडं नॅप्थलीन सोबत आलं असेल. उकळत्या पाण्यात विरघळवून हळूहळू गार होऊ दे, चकचकीत पापुद्रे येतील, ते फिल्टर पेपरमधे दाबून नीट वाळव आणि मग कॅपिलरी (मेल्टिंग पॉइंटची बारीक काचनळी) भर, शेवटचे दहा डिग्री बर्नर बारीक ठेवून. न्यूट्रल फेरिक क्लोराइडनं बदामी साका आला की बेंझोइक पक्कं, झालं. बीटा-नॅप्थॉलही 122 च्याच आसपास वितळतं, पण ते बायकार्बोनेटमधे जात नाही, त्यामुळं तो घोळ तुझ्याकडं नव्हता.

नॅप्थलीन मात्र रात्रभर पंख्याखाली उघडं ठेवू नको, सकाळपर्यंत बरंच उडालेलं असतंय.