वडिलांची जुनी पासबुकं आणि शेअर सर्टिफिकेटं सापडली, पैसे सरकारजमा झाले असतील तर परत मिळतात का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. वडील 2019 ला गेले, आता घर बदलताना त्यांच्या ट्रंकेत दोन पासबुकं, सांगली बँकेची एफडीची पावती आणि टेल्कोचे शेअर्स निघाले, नॉमिनी कोण ते कुठेच लिहिलेलं नाही, भाऊ अमेरिकेत, आणि एक एजंट म्हणतोय की हे सगळं सरकारजमा झालंय, मी काढून देतो, 20 टक्के माझे. त्या एजंटला अजून काही सही करून दिली नसेल तर देऊ नका आणि ओरिजिनल कागद तर अजिबात हातात देऊ नका. पैसे बुडालेले नाहीत. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली, मयत खात्यांचे क्लेम हेच माझं टेबल होतं, रिटायर झाल्यावरही ओळखीपाळखीत हीच कामं करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितोय.

सरकारजमा म्हणजे नक्की काय होतं ते आधी समजून घ्या, कारण एजंट लोक याच शब्दाने घाबरवतात. खात्यात 2 वर्षं खातेदाराने काहीच व्यवहार केला नाही की खातं इनऑपरेटिव्ह, म्हणजे निष्क्रिय, होतं, पैसे बँकेतच असतात. असं 10 वर्षं पडून राहिलं की बँक ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका फंडात पाठवते, त्याला आम्ही डीईए फंड म्हणायचो, 2014 पासून ही पद्धत आहे. एफडीची 10 वर्षं मुदत संपल्याच्या तारखेपासून मोजतात, पावती केली त्या दिवसापासून नाही. 2024 च्या मार्चअखेर या फंडात 78,213 कोटी रुपये पडून होते, म्हणजे तुमच्यासारखी घरं किती असतील बघा. पण फंडात गेले म्हणून हक्क गेला असं होत नाही, तुम्ही कधीही मागा, आणि मागायचे ते आपल्या बँकेकडेच, रिझर्व्ह बँकेच्या दारात जायची गरज नाही. बँक तुम्हाला पैसे देते आणि नंतर फंडातून स्वतःचे वसूल करते. सेव्हिंग आणि एफडीवर फंडातल्या काळाचं व्याजही मिळतं, सरळ व्याज, सुरुवातीला 4 टक्के होतं, 1 जुलै 2018 पासून साडेतीन आणि 11 मे 2021 पासून 3 टक्के. करंट खात्याला व्याज नाही.

आता त्या पासबुकांकडे या. लोक शेवटचा बॅलन्स बघतात आणि पासबुक ठेवून देतात, ते करू नका, एकेक नोंद वाचून काढा, कारण जुनं पासबुक म्हणजे माणसाच्या सगळ्या गुंतवणुकीची यादी असते. दरवर्षी एकाच महिन्यात एकच रक्कम वजा झालेली दिसली तर एलआयसीचा हप्ता किंवा लॉकरचं भाडं असू शकतं, लॉकरचं असेल तर तो लॉकर अजून आहे का ते विचारा. छोट्या छोट्या विचित्र रकमा जमा दिसल्या, समोर कंपनीचं नाव असेल, तर तो डिव्हिडंड, म्हणजे टेल्कोशिवाय आणखी शेअर्स असणार. तीन महिन्यांनी ठराविक रक्कम जमा होत असेल तर कुठेतरी एफडी आहे जिचं व्याज या खात्यात येत होतं. मी एका काकूंचं पासबुक असं वाचत होतो तेव्हा त्यांच्या यजमानांच्या आणखी एका एफडीचा पत्ता लागला, घरात कुणालाच माहीत नव्हती.

पहिल्या पानावर लेजर फोलिओ नंबर, म्हणजे बँकेच्या खात्यांच्या जुन्या वहीतला पान नंबर, आणि खाते नंबर असतो. कोअर बँकिंग, म्हणजे सगळ्या शाखा एकाच कॉम्प्युटर सिस्टीमवर, यायच्या आधीचे नंबर तीनचार आकडी असायचे, आत्ताच्या सिस्टीममध्ये तो टाकला की काहीच येत नाही आणि काउंटरवरची नवीन मुलं सरळ सांगतात की असं खातंच नाही. त्यांचाही दोष नसतो, त्यांनी लेजर कधी बघितलेलंच नसतं. तुम्ही म्हणायचं, हा जुना नंबर आहे, याचा नवीन नंबर शोधून द्या, नाहीतर नावाने आणि जन्मतारखेने शोधा.

एफडीच्या पावतीची मागची बाजू बघा. मुदतीनंतर पैसे घेताना मागच्या बाजूला रेव्हेन्यू तिकिटावर सही करून ओरिजिनल पावती बँकेत जमा करायची पद्धत होती. तुमच्याकडे ओरिजिनल आहे आणि मागची बाजू कोरी आहे, तर पैसे उचलले गेले नसण्याची शक्यता चांगली आहे. शंभर टक्के नाही, कारण काही वेळा सिस्टीममध्ये रिन्यू होऊन व्याज दुसरीकडे जात राहतं, पण विचारायला भक्कम आधार आहे.

सांगली बँक आता नाही म्हणून घाबरू नका, 2007 मध्ये ती आयसीआयसीआयमध्ये विलीन झाली, खाती आणि ठेवी सगळ्या तिकडे गेल्या. आपल्याकडे असं बरंच झालंय, साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न 2006 मध्ये आयडीबीआयमध्ये गेली, मराठवाड्यात गावोगावी असलेली स्टेट बँक ऑफ हैदराबाद 2017 मध्ये स्टेट बँकेत, देना आणि विजया 2019 मध्ये बँक ऑफ बडोदामध्ये, 2020 मध्ये सिंडिकेट कॅनरात, कॉर्पोरेशन आणि आंध्रा युनियन बँकेत, ओरिएंटल पंजाब नॅशनलमध्ये. पावती जुन्या नावाची असली तरी देणं नव्या बँकेचं.

जिथे कागदच नाहीत तिथे शोधायला रिझर्व्ह बँकेचं उद्गम पोर्टल आहे, ऑगस्ट 2023 ला सुरू झालं. फुकट आहे, मोबाइल नंबर टाकून रजिस्टर करायचं, मग खातेदाराचं नाव आणि पॅन, मतदार ओळखपत्र, लायसन्स, पासपोर्ट किंवा जन्मतारीख यातलं काहीतरी, यातलं काहीच नसेल तर पत्ता टाकून बघायचं. 30 मोठ्या बँका त्यात आहेत आणि देशातल्या बेवारस ठेवींपैकी साधारण 90 टक्के रक्कम त्यांच्याकडे आहे. तिथे रक्कम दिसत नाही, फक्त खातं आहे एवढं कळतं आणि एक रेफरन्स नंबर मिळतो, तो लिहून घ्या, शाखेत तोच सांगायचा.

नाव टाकताना मात्र डोकं चालवावं लागतं. आपल्याकडे कुठे आडनाव आधी, कुठे नाव आधी, कुठे वडिलांचं फक्त पहिलं अक्षर, लक्ष्मणमधला क्ष कुणी एक्सने लिहिलाय कुणी केएसएचने, आणि जुन्या क्लार्कने जसं ऐकलं तसं टाइप केलंय. म्हणून एका स्पेलिंगने सापडलं नाही तर सोडू नका, चारपाच प्रकारे टाकून बघा. आईच्या नावानेही शोधा, सासरच्या आणि माहेरच्या दोन्ही नावांनी. बायकांचे पैसे यामुळेच जास्त अडकतात असं माझं मत आहे, लग्नाआधी आजोबांनी पोस्टात किंवा बँकेत काहीतरी काढून दिलेलं असतं, लग्नात नाव बदलतं आणि ते खातं तिथेच राहतं. नाव बदललेलं असेल तर लग्नाचा दाखला किंवा गॅझेट, आणि तेही नसेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र, एवढ्यावर बहुतेक ठिकाणी काम होतं.

उद्गममध्ये नाही म्हणजे कुठेच नाही असं समजू नका. सहकारी बँकेतलं असेल तर त्या बँकेच्या साइटवरची यादी बघा किंवा शाखेत जा. पतसंस्था मात्र वेगळी, ती बँक नाही, रिझर्व्ह बँकेच्या या फंडाशी तिचा संबंध नाही, तिथले पैसे संस्थेकडेच मागायचे आणि दाद लागली नाही तर तालुक्याच्या सहकार निबंधकाकडे. एलआयसीचं त्यांच्या साइटवर पॉलिसी नंबर, नाव, जन्मतारखेने शोधता येतं. विम्याचे न मागितलेले पैसे 10 वर्षांनी केंद्र सरकारच्या ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जातात आणि तिथून पुढे 25 वर्षं मागता येतात, म्हणजे इथे मुदत आहे, हे लक्षात ठेवा.

आता बँकेतला क्लेम. नॉमिनी नसेल तर सगळ्या वारसांनी मिळून अर्ज करायचा. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल तर पुरुषाच्या मागे बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई यांचा सारखा हिस्सा. आईचं नाव लोक विसरतात, तुमची आजी वडिलांच्या मागे हयात होती का ते बघा, असेल तर तिचा हिस्सा धरावाच लागतो. कागद म्हणजे मृत्यूचा दाखला, तुमचं आधार-पॅन, क्लेम फॉर्म, इंडेम्निटी बाँड (पुढे दुसरा कुणी हक्कदार निघाला तर भरपाई आम्ही देऊ असं लिहून देणं), जे वारस पैसे घेणार नाहीत त्यांचं ना हरकत पत्र, आणि वारसांबद्दल दाखला किंवा घराला ओळखणाऱ्या पण नात्यात नसलेल्या माणसाचं डिक्लेरेशन. स्टॅम्प आता 500 चा लागतो, 100 चा 2024 मध्ये बंद झाला. रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये नवीन नियम काढलेत, त्याप्रमाणे 15 लाखांपर्यंत, आणि सहकारी बँकेत 5 लाखांपर्यंत, एवढ्या कागदांवर क्लेम द्यायचा, कोर्टाचं सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे वारसा दाखला, मागायचं नाही, जामीनदारही मागायचा नाही, आणि सगळे कागद मिळाल्यापासून 15 दिवसांत निकाली काढायचा. ही अंमलबजावणी 31 मार्च 2026 पर्यंत करायला सांगितली होती. त्यामुळे कुणी शाखेत बसल्या बसल्या कोर्टातून आणा म्हणालं तर शांतपणे विचारा, रक्कम किती आहे आणि कुठल्या नियमाने कोर्ट लागतंय ते लेखी द्या. बहुतेक वेळा पुढचं बोलणं बदलतं.

तोंडी काही ठेवू नका. अर्ज दोन प्रतीत, एकावर शिक्क्यासकट पोच. एका शाखेत एका वयस्कर बाईंना साहेब रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात या, असं सांगून सारखं परत पाठवत होते, पोच मागितली त्या दिवशी फाइल हलली. पोच असेल आणि 30 दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा, त्याला पैसे लागत नाहीत.

शेअर्सचं काम यापेक्षा किचकट आहे, खोटं कशाला सांगू. टेल्कोचं नाव 2003 मध्ये बदलून टाटा मोटर्स झालं, आणि 2025 मध्ये तिचे दोन भाग होऊन मूळ कंपनीचं नाव टाटा मोटर्स पॅसेंजर व्हेइकल्स झालं. सलग 7 वर्षं डिव्हिडंड घेतला नाही की तो डिव्हिडंड आणि ते शेअर्स दोन्ही केंद्र सरकारच्या आयईपीएफ या निधीत जातात. तुमचे गेलेत का ते आयईपीएफच्या साइटवर वडिलांचं नाव किंवा फोलिओ नंबर टाकून बघा, फोलिओ नंबर सर्टिफिकेटवरच छापलेला असतो. आधी कंपनीच्या रजिस्ट्रारला (शेअरहोल्डरांचं रेकॉर्ड ठेवणारी संस्था) पत्र लिहून वारस म्हणून शेअर्स तुमच्या नावे करायची प्रक्रिया करायची, तो कागद तपासून एक पत्र देतो की हे शेअर्स यांना मिळायला हरकत नाही, मग आयईपीएफ-5 फॉर्म ऑनलाइन भरायचा, त्याची प्रिंट आणि बाकीचे कागद कंपनीच्या नोडल ऑफिसरला, म्हणजे या कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, पाठवायचे. फॉर्मला फी नाही. शेअर्स परत मिळतात ते डीमॅटमध्येच, म्हणजे शेअर्स कागदाऐवजी कॉम्प्युटरवर ठेवायच्या खात्यात, तेव्हा तुमच्या नावाचं डीमॅट आधी उघडून ठेवा. यात महिने जातात, सहीतला फरक, स्पेलिंग, जुना पत्ता, काहीही काढून कागद परत येतात, पण चिकाटी सोडू नका कारण जुने शेअर्स बोनस आणि स्प्लिट होऊन किती झालेत याचा घरच्यांना अंदाज नसतो, आणि एजंट नेमका त्यावरच टक्के मागतो. या भागासाठी वकील किंवा कंपनी सेक्रेटरी घेतलात तर चुकीचं नाही, पण ठरलेली फी द्या, टक्केवारी नाही, आणि मुखत्यारपत्र नाही.

भावाबद्दल विचारलंत. त्याला इथे यायची गरज नाही. ना हरकत पत्राचा मसुदा आधी शाखेकडून मंजूर करून घ्या, मगच त्याला पाठवा, कारण त्याने तिकडे वेळ काढून सही केली आणि इथे मॅनेजर म्हणाला आमचा नमुना वेगळा आहे, की सगळं परत. त्याने ते भारतीय दूतावासात जाऊन सही करून साक्षांकित करून घ्यायचं, पासपोर्टची प्रत जोडायची आणि ओरिजिनल कुरिअरने पाठवायचं, स्कॅनवर बँक पैसे देत नाही. आणि सही करण्याआधी त्याला रक्कम किती आहे ते कळू द्या, तुम्हालाही कुणी ना हरकत मागितली तर रकमेचा आकडा त्या कागदात लिहिलेला असल्याशिवाय सही करू नका. शाखेत जाताना वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्याच्या चारपाच ओरिजिनल प्रती जवळ असू द्या, महापालिकेतून जास्तीच्या मिळतात, कारण बँक, रजिस्ट्रार, एलआयसी सगळे एकाच वेळी मागतात.